टीव्हीचं चित्र लुकलुकतंय? पाठ उघडण्याआधी हे बघा

कोल्हापूरजवळच्या कळंब्याच्या आयटीआयमधून थेट दुरुस्तीच्या दुकानात आलेल्या मुलांना ही तक्रार लगेच भेटते. घाई होते ती इथेच: स्क्रू काढायचे, बोर्ड बदलायचा, आणि लुकलुक तशीच. आधी दोष कुठल्या भागात आहे ते ठरवा.

रिमोटवरून टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडा. मेनू स्थिर आणि मागचं चित्र तेवढं फुटतंय, तर टीव्ही उघडूच नका. एचडीएमआय केबल बदला, दुसऱ्या पोर्टला लावा, मग डिशच्या छत्रीकडे वळा. आपल्याकडच्या पावसात, त्यातही गगनबावडा-राधानगरी भागात, एलएनबीजवळच्या (छत्रीसमोर बसवलेला, सिग्नल पकडणारा डबा) कनेक्टरमध्ये पाणी शिरतं आणि तांब्याची तार हिरवी पडते. तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर लावा. केबलला खाली एक झोल ठेवा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल.

घरातले दिवेही सोबत मिचकत असतील, तर दोष वायरिंगचा. उद्यमनगरसारख्या भागात शेजारच्या वेल्डिंग मशीनमुळेही असं होतं. पण एलईडी टीव्हीचा पुरवठा बहुधा १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे थोड्या चढउताराने चित्र हलायला नको. सैल प्लग तपासा. दिवे मध्येच जास्त प्रखर होत असतील, तर न्यूट्रल सुटल्याची शंका घ्या, मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा.

मेनूसुद्धा लुकलुकतोय, तर दोष आतला. आवाज चालू, पडदा काळा, आणि टॉर्च तिरका मारल्यावर पुसट चित्र दिसतं? मग बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, गेला. त्याच्या पट्टीवरचे एलईडी एकामागोमाग जोडलेले असतात. एकाचाही सांधा सैल झाला की सगळी ओळ मिचकते, किंवा ड्रायव्हर (पट्ट्यांना वीज देणारं सर्किट) संरक्षणासाठी ती बंद करतो. एलईडी बॅकलाइट टेस्टरने प्रत्येक पट्टी वेगळी तपासा. एकच एलईडी बदलून भागवू नका. बाकीचेही तेवढेच तापलेले असतात. पूर्ण संच घाला आणि मेनूतून बॅकलाइट थोडा कमी ठेवा. पॅनेल उचलायला दोघं हवेत. कडेच्या पातळ रिबन केबलला ताण बसला, तर पॅनेल कायमचं जातं.

सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटं लुकलुक आणि गरम झाल्यावर सगळं ठीक, असं असेल तर पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बघा. डोकं फुगलेला तर बदलाच, पण न फुगलेलाही खराब असू शकतो. लोड असताना १२ व्होल्टची लाइन मोजा. खाली-वर होत असेल तर संशय पक्का. मायक्रोफॅरड तोच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, १०५ अंश सेल्सियसचा आणि कमी ईएसआरचा (आतला रोध कमी असलेला) घ्या. धन-ऋण उलट झालं तर तो फुटतो.

रंग उड्या मारतात, आडव्या-उभ्या रेघा येतात, तर टी-कॉनकडे (पॅनेलला चित्राचे सिग्नल देणारा बोर्ड) जाणारी एलव्हीडीएस केबल, म्हणजे चित्राचा सिग्नल नेणारी चपटी केबल, कुलूप सोडवून काढा, टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, सरळ बसवा.

आणि हे कधीच विसरू नका, पोरांनो: प्लग काढला तरी सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी उरलेला असू शकतो. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करू नका. १०० वॅटच्या साध्या, तारेच्या (फिलामेंट) बल्बची दोन टोकं लावून तो उतरवा, मीटरने शून्याजवळ आल्याची खात्री करा, मगच हात घाला. काम झालं की पाठ बसवून दोनेक तास टीव्ही चालू ठेवा. गरम झाल्यावर परतणारा दोष गिऱ्हाइकाच्या घरी नव्हे, दुकानातच सापडायला हवा.