शेतकरी मित्र गप्प गप्प झालाय? मग हे वाचा

पीक गेलं, सोसायटीचं कर्ज थकलं की माणूस टेन्शनमध्ये असणारच, पण जीव द्यायचा विचार मनात असल्याच्या काही खुणा वेगळ्या असतात. "मी नसलो तरी चालेल", "सगळ्यांना माझं ओझं झालंय" असं सहज बोलून जाणं, पारावर यायचं बंद, झोप नाही, दारू वाढली, अचानक सातबारा-पासबुक बायकोला समजावून देणं किंवा आवडता बैल कुणाला तरी देऊन टाकणं. आणि बरेच दिवस उदास असलेला माणूस एकदम शांत झाला तर "बरं झालं सुधारला" म्हणून सोडू नका, तेव्हाच जास्त लक्ष ठेवा.

मग करायचं काय? बांधावर बसून सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का रे?" विचारल्याने डोक्यात विचार घुसतो हा गैरसमज आहे, उलट बऱ्याच जणांना मोकळं वाटतं. तो बोलेल ते ऐका, मध्येच "पोरांचा तरी विचार कर" वगैरे लेक्चर नको (आपल्याकडे ही सवय फार). हो म्हणाला तर एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवून दुसरीकडे कुलपात ठेवा, हे खरंच महत्त्वाचं कारण तो टोकाचा क्षण बऱ्याचदा थोडाच वेळ टिकतो. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, २४ तास फ्री आहे, मराठीत बोलतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार डॉक्टर भेटतात, सोबत तुम्हीच जा. काही करून बसलाच तर लगेच १०८ ला फोन करून अँब्युलन्स बोलवा. पोलीस केसची भीती घालून कुणी थांबवलं तर ऐकू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला शिक्षा नाही, उपचार द्यायचे असं आहे. आणि आठवड्याने परत चक्कर मारा, नुसता चहा प्यायला.