इंडी पॉप बँडचं पहिलं गाणं कसं बांधावं

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या स्टो कॉलेजात संगीत व्यवसाय शिकणारे विद्यार्थी 'इलेक्ट्रिक हनी' नावाचं स्वतःचं रेकॉर्ड लेबल चालवायचे. अभ्यासाचा भाग म्हणून दरवर्षी एखाद्या बँडची एक रेकॉर्ड काढायची, ती बहुधा एका सिंगलची, म्हणजे एका-दोन गाण्यांची. १९९६ साली त्यांच्यापुढे बेल अँड सेबॅस्टियन आला. बँड म्हणावा तर माणसं नुकती कुठे जमत होती. पण गायक स्टुअर्ट मर्डॉककडे तयार गाणी इतकी होती की सिंगलऐवजी आख्खा अल्बमच करायचं ठरलं. 'टायगरमिल्क' तीन दिवसांत रेकॉर्ड झाला आणि व्हायनलच्या फक्त १,००० प्रती निघाल्या.

तीन दिवसांत अल्बम, हे वाचल्यावर "मग आपण एका रविवारी एक गाणं करू की" असं वाटतं. आम्हालाही वाटलं होतं. जॅमरूमचे तासाचे पैसे भरून तीन रविवार वाजवलं आणि हाती काय आलं, तर अकरा मिनिटांचा एकच रिफ, म्हणजे परत परत वाजणारा तोच छोटा तुकडा. चौघेही वाजवत होते, गाणं मात्र कुणाच्याच खिशात नव्हतं. मर्डॉकच्या तीन दिवसांमागे कित्येक वर्षं होती, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्याला दीर्घकालीन थकव्याच्या आजाराने गाठलं. जवळपास सात वर्षं तो नोकरी-शिक्षणाबाहेर, घरात पडून होता, आणि त्याच काळात गाणी लिहू लागला. बँड त्यानंतर आला. बेरोजगार संगीतकारांसाठीच्या एका सरकारी प्रशिक्षण योजनेत त्याला बासवादक स्टुअर्ट डेव्हिड भेटला, आणि मग बाकीचे जमले.

तेव्हा क्रम असा धरा: आधी गाणं, मग बँड. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

१. आपलं घराणं ओळखा

'इंडी' म्हणजे मुळात स्वतंत्र लेबलवर निघालेलं. पुढे तो शब्द एका आवाजाला चिकटला: खणखणीत गिटार, साधा गळा, तीन मिनिटांचं गाणं, थोडी लाज आणि बराच विनोद. त्या आवाजाची एक मोठी वाट ग्लासगोतूनच जाते. १९८० च्या सुमारास तिथे पोस्टकार्ड रेकॉर्ड्स हे लेबल होतं आणि त्यावर ऑरेंज ज्यूस हा बँड. त्यांनी न्यूयॉर्कच्या व्हेल्व्हेट अंडरग्राउंडची खरखर आणि शिक या डिस्को बँडची ठेक्यावरची गिटार एकत्र आणली. दोन्ही नीट जमत नव्हतं, आणि त्या न जमण्यातूनच त्यांचा स्वतःचा बाज तयार झाला. १९८६ मध्ये 'एनएमई' या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने २२ बँडांची 'सी८६' ही कॅसेट काढली. ब्रिस्टलच्या सारा रेकॉर्ड्सने १९८७ ते १९९५ एवढीच वर्षं काम केलं आणि शंभराव्या प्रकाशनाला दुकान बंद केलं. बेल अँड सेबॅस्टियन या सगळ्यांच्या नंतरचा.

हे ऐकाच, पण त्यांची नक्कल करायला म्हणून ऐकू नका. एक गाणं निवडा, हातात कागद घ्या आणि माप काढा. पहिला शब्द कितव्या बारवर (बार म्हणजे बहुधा चार ठोक्यांचं एक आवर्तन) येतो? ध्रुवपद किती बारचं आहे? ड्रम कुठे थांबतो? तीन गाण्यांचा असा नकाशा काढलात की युट्यूबवरच्या बऱ्याचशा धड्यांची गरज उरत नाही.

मग दुसरा कागद. त्यावर प्रत्येकाने आपण काय ऐकत वाढलो ते प्रामाणिकपणे लिहायचं. मर्डॉक चर्चच्या सभागृहावरच्या खोलीत राहायचा, तिथली देखभाल बघायचा आणि चर्चच्या कॉयरमध्ये गायचा. त्याच्या गाण्यांतले मऊ कोरस कुठून आले, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. आमच्या कागदावर आकाशवाणीवरची भावगीतं, भोंडल्याची गाणी, कुणाचं ढोलपथक आणि एकाच्या मोठ्या भावाच्या मेटलच्या सीड्या निघाल्या. ढोलपथकवाला आमचा ड्रमर. तो हळू वाजवायला शिकला, तेव्हा कुठे आमचा बँड झाला.

२. एक वस्तू धरा

'प्रेम', 'एकटेपण', 'शहर' यांवर गाणं लिहायला बसू नका. त्या नावाखाली हजार गाणी आधीच पडून आहेत. हाताला लागेल अशी एक वस्तू घ्या. मर्डॉकची गाणी शाळा, बस, चर्च अशा ठिकाणी वावरणाऱ्या लहानसहान पात्रांची असतात. भावना काय आहे ते तो क्वचितच नाव घेऊन सांगतो.

आमच्या गाण्यात वस्तू होती छत्री. कुणीतरी घरी विसरून गेलेली, पावसाळा संपला तरी परत न दिलेली. इथून पुढे उदाहरणाला तीच घेतो.

३. मराठीचे कंगोरे

इंग्रजी गाणी ऐकून कान तयार झालेला माणूस मराठी लिहायला बसला की इथेच अडखळतो. म्हणून या पायरीवर जरा बसू.

पहिली गोष्ट अक्षरांची. छोट्या अभंगाच्या चरणात आठ अक्षरं असतात, आणि चार ठोक्यांच्या बारमधल्या प्रत्येक ठोक्याचे दोन तुकडे केले की तेही आठच. म्हणजे आपल्या कानात आधीपासून बसलेलं एक माप पॉपच्या बारमध्ये आयतं बसतं:

तुझी छत्री माझ्याकडे
दारामागे उभी आहे

दोन्ही ओळी आठ-आठ अक्षरांच्या. टाळी वाजवत म्हणून बघा, एकही अक्षर ओढावं लागत नाही. पण सगळं गाणं असं लिहिलंत तर आरती होते. म्हणून पुढचं कडवं:

घडीमध्ये सापडलं
तुझ्या बसचं तिकीट

लिहिताना हीसुद्धा आठ-आठच. पण 'बसचं'मधला 'स' आणि 'तिकीट'मधला 'ट' आपण बोलताना अर्धे करतो, त्यामुळे शेवटची ओळ जिभेवर सहाचीच उरते. उरलेल्या दोन तुकड्यांचं काय करायचं, हा चालीचा निर्णय आहे. आम्ही 'की' लांबवला आणि 'ट' पटकन मिटला. 'तिकीटऽ' असा शेवटचा 'अ' उघडून गायलात तर गाणं थेट नाट्यसंगीताच्या वाटेला लागतं. तेच हवं असेल तर हरकत नाही, पण नकळत होऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट यमकाची. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे यमक फुकट मिळतं: येतो-जातो, हसली-बसली. फुकटचं ते कानालाही फुकटचंच वाटतं. 'उभी आहे'ला जोड म्हणून आमच्याकडून पहिल्या झटक्यात 'वाट पाहे' पडलं. आज 'पाहे' कोण बोलतं? कट्ट्यावर जो शब्द उच्चारायची लाज वाटेल तो गाण्यातही नको. यमक सोडून दिलं आणि ओळ 'तिकीट' या नामावर संपवली. क्रियापदाच्या जागी नाम आलं की ओळ जरा अवघडते, आणि ऐकणारा कान टवकारतो.

तिसरी गोष्ट इंग्रजीत नाहीच. तिथे 'मी जातो' आणि 'मी जाते' एकच, आपल्याकडे गाणाऱ्याचं लिंग क्रियापदात दिसतं. मुलाने लिहिलेलं गाणं मुलगी गाणार असेल, किंवा दोघं कडवी वाटून घेणार असतील, तर हे आधीच बघून घ्या. 'छत्री द्यायला येतो' म्हटलं की गाणं एकाचं झालं. 'छत्री द्यायची राहिली' म्हटलं की क्रियापद छत्रीमागे गेलं आणि कुणीही गावं असं गाणं मोकळं झालं. 'मी चहा केला', 'मला आठवतं' या रचना त्यासाठीच हाताशी ठेवा. अर्थात लिंग लपवलंच पाहिजे असं नाही. मुलाने 'जाते' गायलं तर तीही एक गोष्ट सांगितली जाते.

४. एक वाद्य, एक गळा

आता चाल. एक गिटार किंवा एक हार्मोनियम, बस्स. कॉर्ड चार पुरतात. सी, ए मायनर, एफ, जी यांवर किती गाणी झाली याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही, आणखी एक झालं तर जग बुडत नाही. चाल कॉर्डमधून उकरून काढण्याऐवजी आधी ओळ बोला. तुमचा आवाज बोलताना जिथे वर चढतो, तिथे चाल वर न्या. मराठी ओळ उलट्या उतारावर गायली की शब्द परके वाटतात.

ध्रुवपदातला सगळ्यात वरचा सूर मोकळ्या उच्चारावर ठेवा. 'आ' आणि 'ओ'वर तयारी नसलेला गळासुद्धा वर जातो, 'ई' आणि 'ऊ'वर आवळतो. आमचं ध्रुवपद 'आज पाऊस नाही' असं होतं, आणि वरचा स्वर 'पाऊस'मधल्या 'ऊ'वर. गायिका दर वेळी तिथे चिरकायची. स्वर मागे सरकवून 'आज'च्या 'आ'वर आणला आणि प्रश्न मिटला. शब्द तेच राहिले.

पट्टी गायकाच्या सोयीची असावी, गिटारवाल्याच्या बोटांच्या नव्हे. त्यासाठीच कॅपो, म्हणजे गिटारच्या गळ्यावर लावायचा चिमटा, असतो.

या टप्प्यावर फोनवर रेकॉर्ड करा, दोन दिवस ऐकू नका आणि तिसऱ्या दिवशी भांडी घासताना चाल आपोआप आठवते का ते बघा. आठवली नाही तर परत पायरी दोन.

५. गणित मांडा

मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत चार ठोक्यांचा बार दोन सेकंदांचा. तीन मिनिटं म्हणजे ९० बार. आता वाटणी करा: सुरुवात ४, कडवं १६, ध्रुवपद ८, कडवं १६, ध्रुवपद ८, मधला तुकडा ८, अर्धं कडवं ८, ध्रुवपद दोनदा १६, शेवट ४. बेरीज ८८, म्हणजे २ मिनिटं ५६ सेकंद. आमचा अकरा मिनिटांचा रिफ या कागदावर मांडला तेव्हा ३३० बार भरले, आणि त्यात शब्द शून्य.

६. आता बँडला बोलवा

बेल अँड सेबॅस्टियनमध्ये गिटार, बास, ड्रम, कीबोर्ड यांच्या जोडीला चेलो, व्हायोलिन आणि ट्रंपेट आलं. एवढी वाद्यं असूनही गाणी गजबजलेली वाटत नाहीत, कारण बरेच जण बराच वेळ गप्प असतात. ट्रंपेट दोन कडव्यांमध्ये येऊन चार ओळी बोलून जातो, आणि लोक घरी जाताना नेमकं तेच गुणगुणतात.

तालमीत हा नियम लावा: पहिल्या फेरीत फक्त गळा आणि एक वाद्य, दर फेरीला एकच वाद्य वाढवायचं. नवं वाद्य आल्यावर शब्द कळेनासे झाले तर ते वाद्य त्या कडव्यात थांबेल. कोण थांबणार यावर भांडण होतं. आमच्यात झालं, आणि ते लीड गिटारवाल्याशी, म्हणजे माझ्याशीच झालं. शेवटी मी पहिल्या कडव्यात नुसता बसून राहिलो आणि गाणं सुधारलं. अपमान गिळायला एक आठवडा लागला.

दोन वाद्यं एकाच सप्तकात एकमेकांवर चढत असतील तर एकाला सप्तक वर पाठवा. मिक्समध्ये करू म्हणून ठेवलेलं पुढे कुणीच करत नाही.

लिहिणारा एकच असावा का? बेल अँड सेबॅस्टियनमध्येही आधी जवळजवळ सगळं मर्डॉकचं होतं. १९९८ च्या तिसऱ्या अल्बममध्ये स्टीव्ही जॅक्सन, इझोबेल कॅम्पबेल आणि स्टुअर्ट डेव्हिड यांचीही गाणी आली. माझं मत: पहिली पाच-सहा गाणी एकाच्या वहीतून येऊ द्या, बँडला चेहरा मिळतो. नंतर वही फिरवा, नाहीतर माणसं जातात.

७. रेकॉर्डिंग

शक्य असेल तर बास, ड्रम आणि एक गिटार एकत्र, समोरासमोर वाजवून घ्या. गळा नंतर. एकेक वाद्य क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या यांत्रिक ठेक्यावर, वेगळं घेतलं की सगळं अचूक होतं, पण एकमेकांकडे बघून हळूच ओढलेली लय हरवते. तीन प्रयत्नांत जमलं नाही तर चहा प्यायला जा. चूक रेकॉर्डिंगची नसते, गाण्यातला एखादा सांधा कच्चा असतो.

बेल अँड सेबॅस्टियनच्या १९९६ मधल्याच दुसऱ्या अल्बमचा ध्वनी मर्डॉकला कधीच पटला नाही. २००५ मध्ये लंडनच्या बार्बिकन सभागृहात बँडने तो अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुन्हा वाजवला आणि तो कार्यक्रम प्रकाशित केला. दरम्यान नऊ वर्षं लोक मूळ रेकॉर्डिंगच्या प्रेमात पडत होते. तेव्हा स्नेअर ड्रमचा आवाज अजून थोडा कोरडा हवा होता, यासाठी गाणं सहा महिने अडवून ठेवू नका.

८. कागद

कंटाळवाणी पायरी, पण प्रकाशित करण्याआधीची. भारतात गाण्याचे शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि ध्वनिमुद्रण हे तिसरंच. तिन्हींचे हक्क वेगळे. हक्क मिळायला नोंदणी सक्तीची नाही. शब्द आणि चालीवरचा हक्क निर्मात्याच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे आज चौघांत ठरलेली टक्केवारी उद्या चौघांच्या मुलांपर्यंत जाते. गाणं बाहेर वाजू लागलं की १९६९ पासून काम करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व गीतकार-संगीतकारांनी घ्यावं, रॉयल्टी तिच्यामार्फत गोळा होते.

खरी कुरबुर ट्रंपेटसारख्या तुकड्यांवरून होते. सुरुवातीची चार बारची धून कीबोर्डवालीने बसवली असेल, तर ती चालीचा भाग की सजावट? दोन्ही उत्तरं चालतात, फक्त गाणं गाजण्याआधी द्या. गाण्याचं नाव, तारीख, शब्द कुणाचे, चाल कुणाची, किती टक्के, चौघांच्या सह्या. कागदाचा फोटो बँडच्या ग्रुपवर टाका आणि मग स्टुडिओची वेळ घ्या.