अडीच तोळ्यांची बोरमाळ, साडेचौदा ग्रॅम सोनं

माझे वडील सेलूला सोनारकाम करायचे. दुकान त्यांचं नव्हतं, सराफांकडचं काम घरी आणून ओसरीवर बसून करायचे. मी शाळेत गणित शिकवते. पण लग्नसराई लागली की गल्लीतल्या बायका मला बोलावतात त्या सोन्यासाठी. "बाई, चला ना सोबत, आमच्याला त्यातलं काही कळत नाही." मग ऑटोत बसल्या बसल्या माझा तास सुरू होतो.

कॅरेट म्हणजे 24 भागांपैकी किती भाग सोनं, एवढंच. 22 कॅरेट म्हणजे 22 भाग सोनं आणि उरलेले 2 भाग तांबं, चांदी, जस्त असं काही. 22 ला 24 ने भागलं की 0.916 येतं, दागिन्यावरचा 916 हा आकडा तिथला. 20 कॅरेटचा 833, 18 चा 750. 14 चा मात्र 585 छापतात. भागाकार केला तर 583 येतो, पण प्रमाणच 585 ठरवलंय. वर्गात कुणी असं उत्तर लिहिलं असतं तर मी अर्धा मार्क कापला असता.

मग सगळं 24 कॅरेटचंच का करत नाहीत? कारण चोख सोनं मऊ असतं. त्याची पाटली केली तर भाकरी थापता थापता वाकेल. हिऱ्याच्या अंगठीला बहुधा 18 कॅरेट वापरतात तेही याचसाठी, खड्याला धरणारे दात घट्ट राहायला हवेत. आणि "पिवळंधमक आहे म्हणजे चांगलं" हे डोक्यातून काढा. भेसळीत तांबं जास्त असलं की रंग लालसर येतो, चांदी जास्त असली की फिकट, आणि वरून मुलामा दिला की हवा तसा.

वडिलांकडे कसोटीचा काळा दगड होता, हाताच्या अंगठ्याएवढा, तेल पिऊन गुळगुळीत झालेला. दागिना त्यावर ओढायचे, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या काडीची रेघ ओढायचे आणि दोन्हींवर तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, थेंब सोडायचे. पितळेची रेघ फसफसून जायची, हलक्या सोन्याची फिकी पडायची, चांगल्याची जशीच्या तशी. मग दगड खिडकीकडे धरून, एक डोळा बारीक करून सांगायचे, "वीसचा आहे." पण तेच म्हणायचे, दगडाला फक्त कातडी कळते, पोटात काय आहे ते नाही. आता दुकानात टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढायचं यंत्र असतं, एक्स-रे किरणांनी मिनिटभरात आकडा देतं. तेही पृष्ठभागच वाचतं. पोटातलं कळायला सोनं वितळवावंच लागतं.

हे मला पुस्तकातून नाही, आजीच्या बोरमाळेतून कळलं. बोरमाळ अडीच तोळ्यांची, असं आजी सगळ्यांना सांगायची. तोळा म्हणजे तिचा जुना, 12 माशांचा, मासा 8 गुंजांचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा. आता दुकानदार तोळा म्हणतो तेव्हा 10 ग्रॅम देतो. दर विचारताना हे आधी स्पष्ट करून घ्या, नाहीतर जुनं वजन आणि नवा तोळा यांत घरात भांडणं होतात. तर काट्यावर माळ 29 ग्रॅम भरली. वडिलांनी धागा काढला, मणी मुशीत टाकून भाता मारला. आधी काळा धूर निघाला, लाखेचा वास घरभर. बोरमाळेचे मणी म्हणजे सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख. शेवटी लगड निघाली 16 ग्रॅमची. टंच आला 20 कॅरेट. 16 ला 0.833 ने गुणा, चोख सोनं भरतं 13.33 ग्रॅम, म्हणजे 22 कॅरेटचा नवा दागिना घडवायला साधारण साडेचौदा ग्रॅम. आजी आठ दिवस वडिलांशी बोलली नाही. पोटच्या पोरानं सोनं खाल्लं असं तिला वाटत होतं.

म्हणून मोड, म्हणजे जुना दागिना, द्यायला जाल तेव्हा असं करा. मणी, खडे, धागा तिथेच काढून घ्या आणि मग वजन करायला लावा. समोर वितळवायला सांगा, लगडीचं वजन लिहून घ्या, आणि टंच लगडीचा काढा. "जुनं आहे, वीस टक्के घट धरू" असं कुणी अंदाजानं म्हणालं तर उठून दुसऱ्या दुकानात जा. घट मोजायची असते, धरायची नसते. जुन्या दागिन्यावर 'केडीएम' ठसा असेल तर तो शुद्धतेचा पुरावा समजू नका. सांधे जोडायला कॅडमियम वापरायचे, त्याचं ते नाव. त्याचा धूर कारागिराच्या फुप्फुसात जायचा.

नवं घेताना हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा सरकारमान्य शिक्का, बघा. एक बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, त्रिकोणी चिन्ह, एक '22के916' असा आकडा, आणि तिसरा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक, जो प्रत्येक डागाचा, म्हणजे दागिन्याचा, वेगळा असतो. हॉलमार्क सक्तीचा व्हायला सुरुवात झाली 16 जून 2021 ला, आणि 1 एप्रिल 2023 पासून नवा हॉलमार्कचा दागिना या क्रमांकाशिवाय विकता येत नाही. दोन ग्रॅमच्या आतल्या डागांना सूट आहे. अक्षरं इतकी बारीक असतात की भिंग मागायला लाजू नका. मोबाईलवर बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाका. शुद्धता तर दिसतेच, पण मी आधी दागिन्याचा प्रकार बघते. हातात अंगठी आणि ॲपमध्ये कानातलं दिसत असेल तर काउंटरवरून हलायचं नाही. घरातल्या जुन्या डागांवर हा क्रमांक नसला तरी घाबरू नका, ते ठेवता येतात आणि मोडताही येतात. शंका आली तर बीआयएसच्या मान्यताप्राप्त केंद्रात चार डागांपर्यंत 200 रुपयांत तपासून मिळतात, वर जीएसटी. हॉलमार्क असून कस कमी निघाला, तर जेवढं कमी भरलं त्याच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च, असा 2018 चा नियम आहे.

बिलावर मात्र सगळ्यांची नजर शेवटच्या आकड्यावर जाते, आणि तिथेच फसगत होते. मागच्या मार्गशीर्षात शेजारच्या वहिनींबरोबर गंठण घ्यायला गेले होते. हॉलमार्क ठीक, क्रमांक ठीक, भाव 22 कॅरेटचा. बिलात ग्रॉस, म्हणजे मण्यांसकट, वजन 24.300 ग्रॅम आणि नेट, म्हणजे नुसत्या सोन्याचं, वजनही 24.300. मी विचारलं, "काळे मणी वजनाला हवेचे आहेत का?" मुलगा हसला, मग मालकाकडे बघू लागला. मणी वेगळे तोलले, 2.100 ग्रॅम निघाले. म्हणजे दोन ग्रॅमच्या वर काचमणी सोन्याच्या भावानं, त्यावर टक्क्यांनी घडणावळ, आणि त्या सगळ्यावर 3 टक्के जीएसटी. मालक म्हणाले, "बाई, कॉम्प्युटरची चूक." नवं बिल आलं तेव्हा वहिनींनी उरलेल्या पैशांत नातीसाठी कानातलं बघायला घेतलं. मी पुन्हा भिंग मागितलं.