तिसऱ्या दिवसाची तयारी पहिल्याच दिवशी

माझ्या धाकट्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा होतात. गावाकडं सात महिने मूळव्याध समजून औषधं चालली. ऐन सोयाबीन काढणीत तो दिवसातून बारा-तेरा वेळा परसाकडं जायला लागला, दर खेपेला रक्त. मग परळीहून गाडी करून लातूरला भरती केलं.

दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताची संडास, आणि जोडीला ताप 37.8 सेल्सिअसच्या वर, नाडी 90 च्या वर, हिमोग्लोबिन 10.5 च्या खाली किंवा ईएसआर (सूज दाखवणारी रक्ततपासणी) 30 च्या वर, यातलं एक जरी असलं तरी घरी गोळ्या वाढवत बसू नका. दुखतंय म्हणून डायक्लोफिनॅक देऊ नका. जुलाब थांबायला लोपेरामाइड तर मुळीच नको, त्यानं आतडं फुगून जिवावर बेतू शकतं.

भरती झाल्यावर शिरेतून स्टेरॉइड सुरू होतं. भावाला हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलिग्रॅम, दर सहा तासांनी. सोबत रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन, पोटाच्या कातडीखाली. माय डॉक्टरांवर चिडली, "आधीच रक्त चाललंय लेकराचं!" पण या आजारात शिरांमध्ये गुठळी धरायचा धोका मोठा असतो, म्हणून ते लागतंच. नर्सबाईंनी तिला बसवून समजावलं.

आता महत्त्वाचं. स्टेरॉइड लागू पडलं का, हे तिसऱ्या दिवशी ठरवतात. त्या दिवशीही आठाच्या वर संडास, किंवा तीन ते आठ आणि सीआरपी (हीही सुजेची रक्ततपासणी) 45 च्या वर, म्हणजे नुसत्या स्टेरॉइडवर भागणं अवघड. मी वहीत प्रत्येक खेप वेळेसकट लिहायचो, रक्त होतं का तेही. डॉक्टर राउंडला आले की आधी वही मागायचे.

पुढचं औषध बहुधा इन्फ्लिक्सिमॅब किंवा सायक्लोस्पोरिन, दोन्ही प्रतिकारशक्ती दाबणारी. इन्फ्लिक्सिमॅबनं दबलेला टीबी उसळतो, आणि आपल्याकडं दबलेला टीबी लई जणांत असतो. म्हणून छातीचा एक्स-रे, टीबीची आणि हिपॅटायटिस बीची तपासणी भरतीच्या पहिल्याच दिवशी करा म्हणून विचारा, नाहीतर रिपोर्टची वाट बघण्यात तिसरा दिवस जातो. इन्फ्लिक्सिमॅबचा डोस किलोला 5 मिलिग्रॅम. भाऊ 52 किलोचा, म्हणजे 260 मिलिग्रॅम, 100 च्या तीन बाटल्या. नंतर दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात पुन्हा. पैशाची जुळवाजुळव तिन्ही डोसांची धरूनच करा.

सायक्लोस्पोरिनला किडनी, बीपी आणि त्या औषधाचं रक्तातलं प्रमाण सारखं तपासावं लागतं. टोफासिटिनिब ही गोळी आहे, काहींना ती देतात. नागीण आणि गुठळीचा धोका डॉक्टरांना विचारून घ्या.

सर्जनला पहिल्या दिवसापासून भेटा. औषधं हरली तर मोठं आतडं काढून जीव वाचतो, उशीर झाला तर तीच शस्त्रक्रिया जड जाते. भावाला ती लागली नाही. दुसऱ्या डोसानंतर वहीत दिवसाला तीनच खेपा होत्या, बिनरक्ताच्या. स्टेरॉइडच्या गोळ्या मात्र डॉक्टरांनी हळूहळू कमी केल्या. बरं वाटतंय म्हणून तो एकदम सोडायला निघाला होता, मी डबा माझ्याकडं ठेवला.