घरच्या आवारात ‘हाफ इंजिन’: टाटा कमिन्स ६बीटीचं हेड नीट कसं बसवायचं

टाटाच्या जुन्या १६१३, २५१५ सारख्या गाड्यांत येणारं ६बीटी, ५.९ लिटरचं सहा सिलिंडर कमिन्स, चॅसिसवरून न उतरवता अर्धं उघडता येतं; यालाच ‘हाफ इंजिन’ म्हणतात. पिस्टनच्या रिंगा, बिग एंड बेअरिंग (क्रँककडच्या टोकाचं), हेड (सिलिंडरवरचं झाकण) आणि त्याखालचं पॅकिंग, व्हॉल्व्ह एवढं काम पक्क्या फरशीच्या आवारात, एक चेन पुली आणि एका मदतनिसाच्या जोरावर होतं. क्रँक काढायचा असेल किंवा ब्लॉक बोअर करायचा असेल तर होत नाही. त्यासाठी ब्लॉक खाली उतरवावाच लागतो.

आधी इंजिन खरंच उघडायचं का ते ठरवा. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या श्वासनळीतून, भकाभका हवा येते, म्हणून ‘बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंगा गेल्या’ असा निकाल लगेच लागतो. पण ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर झिजला तरी त्याची हवा ऑइल चेंबरमध्येच (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) उतरते, आणि टर्बोचं सील गेलं तरी लक्षणं हीच दिसतात. एअर टँकचा ड्रेन उघडा. पाण्यासोबत भरपूर ऑइल आलं तर आधी कॉम्प्रेसर बघा. टर्बोचा हवेचा पाइप काढून आत ऑइल साचलंय का तेही बघा. या दोन गोष्टी न बघता रिंगा टाकल्या की इंजिन बांधून होतं आणि ब्रीदर पूर्वीसारखाच फुंकत राहतो.

ऑइल-कूलंट काढणं, बॅटरी सोडणं, चाकांना ओट (अडसर) लावणं, पाइप आणि वायरी खुणा करून बाजूला घेणं हे सांगायला नको. चेंबर उतरवताना काही गाड्यांत पुढचं माउंटिंग सोडून इंजिन जरा उचलावं लागतं. नोझल काढताना तांब्याचा वॉशर नोझलसोबत बाहेर आला का ते बघा. आत अडकला असेल आणि त्यावरच नवा टाकला, तर नोझल वर राहतं आणि कॉम्प्रेशन गळतं.

या इंजिनात कंपनीकडून लायनर येत नाही. पिस्टन थेट ब्लॉकच्या बोअरमध्ये चालतो. त्यामुळे ‘लायनर-पिस्टनचा किट टाकू’ हा सल्ला देणाऱ्याने हे इंजिन कधी उघडलेलं नाही. बोअर मूळ १०२ मिलिमीटरचा. तो १०२.११६ च्या पुढे गेला, गोलाई ०.०३८ पेक्षा जास्त बिघडली किंवा वर-खाली ०.०७६ पेक्षा जास्त फरक पडला, तर तिथेच थांबा. मग ०.५० किंवा १.०० मिलिमीटर ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठे) पिस्टन आणि बोअरिंग, आणि त्यासाठी ब्लॉक खाली. बोअर गेज नसेल तर रिबोअरिंगवाल्याला गेज घेऊन घरी बोलवा. तेवढे पैसे वाचवू नका. वरच्या काठाशी नखाला अडकणारी धातूची कड लागत असेल तर तीही झिजेचीच खूण. ती रीमरने कापून रिंगा टाकायच्या फंदात पडू नका.

बोअर ठीक असेल तर फ्लेक्स होनने (ड्रिलला लावायच्या घासणीच्या ब्रशने) चकाकी मोडा, तिरक्या जाळीच्या रेघा दिसेपर्यंत. मग बोअर डिझेलने नाही, गरम पाणी आणि कपड्याच्या साबणाने धुवा. पांढरं फडकं फिरवून करडं येणं बंद झालं की लगेच इंजिन ऑइल लावा. डिझेलने धुतलं तर होनची पूड भेगांत तशीच बसते आणि नव्या रिंगा खाते. वरच्या रिंगेचं तोंड, म्हणजे तिच्या दोन टोकांमधली फट, बोअरमध्ये ०.४० ते ०.७० मिलिमीटर, मधली आणि ऑइल रिंग ०.२५ ते ०.५५. तिघींची तोंडं एका रेषेत येऊ देऊ नका. रॉड आणि कॅपचे नंबर जुळवून बोल्ट तीन टप्प्यांत ओढा: ३५, ७०, १०० न्यूटन-मीटर. प्रत्येक रॉडनंतर क्रँक हाताने फिरवून बघा. जड झाला तर पुढचा घालू नका.

आता हेड. घरी केलेली कामं बहुतेक इथेच फसतात, आणि फसलंय हे गाडी पहिल्यांदा भरून घाटात गेल्यावर कळतं.

हेड काढल्यावर ब्लॉकचा माथा साफ करायला पॉलिश पेपर किंवा ड्रिलवरची अब्रेसिव्ह चकती वापरू नका. तिची पूड बोअरमधून बेअरिंगपर्यंत जाते आणि नवं बेअरिंग पहिल्याच खेपेत ओरखडतं. धारदार स्क्रॅपर, फडकं, थिनर, एवढंच. वेळ लागतो, लागू द्या. बोअर आणि पाण्याच्या भोकांत कापडाचे बोळे घाला आणि ते मोजून घाला.

हेडवर सरळ पट्टी आडवी ठेवा. खाली फिलर गेजची ०.०७५ मिलिमीटरची पाती शिरली तर हेड सरफेसिंगला द्या. न शिरली तरी प्रेशर टेस्ट करून घ्या, कारण व्हॉल्व्हच्या दोन सीटांमधली केसासारखी चीर उघड्या डोळ्याला दिसत नाही. सरफेसिंग झालं की व्हॉल्व्ह हेडच्या तळापासून किती आत आहेत ते मोजा: ०.९९ ते १.५२ मिलिमीटरमध्ये हवेत. सरफेसिंगवाला हे माप स्वतःहून सांगत नाही, तुम्ही मागा. माप कमी निघालं तर सीट खोल केल्याशिवाय हेड परत आणू नका, नाहीतर व्हॉल्व्ह पिस्टनला भेटेल.

हेडला २६ बोल्ट आहेत, तीन लांबींचे. सर्वांत लांब सहा रॉकरच्या स्टँडमधून खाली जातात. जुना बोल्ट नव्याशेजारी उभा करा. ताणून लांब झाला असेल, आटे ओढले गेले असतील किंवा गंजाचे खड्डे असतील तर भंगारात टाका. ब्लॉकमधली बोल्टची भोकं हवेने उडवून कोरडी करा. तळाशी ऑइल किंवा पाणी साचलं असेल तर बोल्ट ते खाली दाबतो. त्याला जायला जागा नसते, आणि ब्लॉक चिरतो. शिवाय टॉर्क पाना खोटा आकडा दाखवतो, बोल्ट घट्ट झाला असं वाटतं आणि तो हेडला दाबतच नसतो.

पॅकिंगला सिलिकॉन, शेलॅक, काहीही लावायचं नाही. कोरडं बसवा. माथ्यावर ठेवून प्रत्येक भोक जुळतं का ते बघा.

हेड साधारण ५० किलोचं आहे. दोघांनी हातावर धरून टेकवताना एक कोपरा आधी लागतो आणि पॅकिंगच्या बोअरभोवतीच्या पत्र्याला खोक पडते. जुन्या दोन लांब बोल्टांची डोकी कापा, वरच्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हरची खाच पाडा आणि ते दोन टोकांना हाताने आटून ठेवा. चेन पुलीने हेड त्यांच्यावरून सरळ खाली सोडा.

मग पुश रॉड. प्रत्येक रॉड खालच्या टॅपेटच्या वाटीत बसलाय का ते फिरवून आणि दाबून बघा. रॉकरचे अॅडजस्टिंग स्क्रू पूर्ण मागे घेऊन मगच रॉकर ठेवा. लांब बोल्ट रॉकरसोबतच ओढायचे असल्याने इथे घाई झाली की पुश रॉड वाकतो आणि ते थेट सुरू केल्यावर कळतं.

बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑइलचा पातळ हात द्या. क्रम मधून बाहेर, गोलाकार. सगळे २६ बोल्ट ९० न्यूटन-मीटरला आणा आणि त्याच क्रमाने पुन्हा एकदा तपासा. मग फक्त सहा लांब बोल्ट १२० ला. शेवटी सगळे २६ त्याच क्रमाने प्रत्येकी आणखी ९० अंश. डोक्यावर आणि बाजूला रंगाची रेघ मारा, म्हणजे पाव फेरा डोळ्याने दिसतो. टॉर्कचा बराचसा जोर घर्षणात जातो. पाव फेऱ्यात मात्र १२ मिलिमीटरचा बोल्ट आट्याच्या पिचप्रमाणे ०.४४ मिलिमीटर पुढे सरकतो, आणि तो ताणच हेड धरून ठेवतो. पान्याला पाइप लावून ‘हाताला कळतं’ म्हणणाऱ्याला आवाराबाहेर ठेवा.

‘पाचशे किलोमीटरनंतर हेड परत ओढून घ्या’ हा सल्ला या इंजिनाला लागू नाही. अंशाने ओढलेला बोल्ट पुन्हा ओढला तर तो फक्त जास्त ताणला जातो.

टॅपेटची फट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली) थंड इंजिनवर: इनलेट १० थाऊ, एक्झॉस्ट २० थाऊ; थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. टायमिंग पिन बसवून पहिला सिलिंडर टॉपला आणा. इनलेट १, २, ४ आणि एक्झॉस्ट १, ३, ५ बसवा. पिन बाहेर काढा. ती प्लॅस्टिकची असते, विसरून क्रँक फिरवला की तुटते. पूर्ण एक फेरा देऊन इनलेट ३, ५, ६ आणि एक्झॉस्ट २, ४, ६. नोझल ६० न्यूटन-मीटर.

पुढचं गिअर कव्हर उघडलंच असेल तर गिअर हाउसिंगमधली लहान डॉवेल पिन (भाग नेमक्या जागी बसवणारी खुंटी) बघा. या इंजिनांत ती सैल होऊन बाहेर सरकते आणि टायमिंग गिअरमध्ये पडली तर गिअर, कव्हर दोन्ही जातात. शेजारच्या बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी अशी दाबा की पिन बाहेर येऊच शकणार नाही.

पहिल्यांदा सुरू करताना डिझेल बंद ठेवून ऑइल प्रेशर येईपर्यंत सेल्फ मारा. एका वेळी ३० सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. मग हँड प्रायमरने हवा काढा आणि सेल्फ मारत एकेका नोझलचा नट सैल करा. तिथे बोट नेऊ नका. नोझलचा फवारा कातडीखाली शिरला तर तो थेट दवाखान्याचा मामला आहे.

रेडिएटरमध्ये कूलंटच भरा, बोअरवेलचं पाणी नको. नव्या रिंगा बसवायला इंजिन तासन् तास स्लोवर ठेवू नका. त्याने बोअरला पुन्हा चकाकी येते आणि रिंगा बसतच नाहीत. गरम झालं की अर्ध्या मालावर बाहेर काढा, आरपीएम वर-खाली होऊ द्या, आणि परत आल्यावर इंजिन पूर्ण थंड झालं की रेडिएटरची पातळी बघा. उतरली असेल तर भरा, चालू करा आणि टोपी उघडी ठेवून बुडबुडे येतात का ते दोन मिनिटं पाहा. येतच राहिले तर हेडचं पॅकिंग धरत नसल्याची शंका घ्या.