संरक्षण आदेश मागताना या चुका टाळा

मोफत विधी सहाय्याच्या टेबलावर बसलं की समोर कागदांनी भरलेली एक कॅरीबॅग येते. लग्नपत्रिका, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, पोलीस ठाण्यातल्या दोन-तीन एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारीच्या नोंदी, आणि कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण मागणारा, कुणीतरी लिहून दिलेला अर्ज. अर्जात हमखास एक वाक्य असतं : ‘सामनेवाले यांनी अर्जदाराचा वेळोवेळी शारीरिक व मानसिक छळ केला.’ वाक्य खोटं नसतं. पण न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्यावरून आदेश काय करायचा?

एका ताईंना मी म्हटलं, अर्ज बाजूला ठेवा, शेवटचं काय झालं ते सांगा. त्या म्हणाल्या, “पाडव्याच्या आदल्या रात्री जेवायला उशीर झाला म्हणून पोळपाट फेकला. डाव्या मनगटाला लागला. सकाळी शेजारच्या काकूंनी सरकारी दवाखान्यात नेलं, प्लास्टर घातलं.” दिवस, वेळ, वस्तू, जखम, साक्षीदार, दवाखाना, सगळं तीन वाक्यांत आलं. हे अर्जात का नाही, विचारलं तर उत्तर मिळालं : “लिहून देणारे म्हणाले, ते कोर्टात तोंडी सांगायचं.”

कोर्टात तोंडी सांगायची वेळ फार उशिरा येते. सुरुवातीचा आदेश कागदावरच होतो. म्हणून सर्वांत अलीकडचा प्रसंग, सर्वांत गंभीर प्रसंग आणि नेहमी चालणारा त्रास, असे तीन परिच्छेद तारखांसह लिहा. नेमकी तारीख आठवत नसेल तर सण, मुलाची परीक्षा, पगाराचा दिवस असा काहीतरी धागा द्या. शिव्या दिल्या असतील तर शब्द जसेच्या तसे लिहा. लाज वाटते हे खरं, पण ‘अर्वाच्य भाषा’ या दोन शब्दांत धमकी दिसत नाही.

दुसरी चूक अर्जाच्या शेवटच्या पानावर असते : ‘पोटगी मिळावी व योग्य तो आदेश व्हावा.’ कोर्टात बहुतेक वेळा मागितलं तेच मिळतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षण आदेश कलम १८ मध्ये आहे आणि त्यात बरंच काही मागता येतं. त्याने मारहाण करू नये, एवढंच नाही. फोन-मेसेज करू नये, नोकरीच्या ठिकाणी येऊ नये, मुलांच्या शाळेबाहेर उभं राहू नये, स्त्रीधन विकू नये, जोडखातं किंवा लॉकर परस्पर वापरू नये, तुम्हाला मदत करणाऱ्या भावाला किंवा शेजारणीला त्रास देऊ नये. यातलं जे तुमच्या बाबतीत घडतंय ते एकेक करून, ठिकाणाच्या नावासह मागा. घरात राहण्याचा हक्क किंवा वेगळ्या घराचं भाडं कलम १९ खाली, खर्च कलम २० खाली, मुलांचा तात्पुरता ताबा कलम २१ खाली. हे सगळं एकाच अर्जात बसतं.

आणि अंतरिम अर्ज विसरू नका. कायद्यात लिहिलंय की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत पडावी आणि पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा. या ६० दिवसांवर घराचं नियोजन करू नका, तारखा लांबतात. मधल्या काळासाठीच कलम २३ आहे. शपथपत्र जोडून तात्काळ आदेश मागता येतो, आणि धोका दिसत असेल तर सामनेवाल्याला न ऐकताही तो होऊ शकतो. आता थांबलं तर काय होईल, हे त्या शपथपत्रात स्पष्ट लिहा. ‘त्याने परवा रॉकेल आणून ठेवलंय’ हे वाक्य पंधराव्या पानावर दडवायचं नसतं. असा जिवाचा धोका असेल तर अर्जाचं नंतर बघू, आधी ११२ लावा. महिला हेल्पलाइन १८१ आहे. फोन त्याच्या हाताशी असेल तर दुसऱ्याच्या फोनवरून करा.

आता चुकीच्या दारावर थांबण्याबद्दल. ‘४९८ केलीय’, म्हणजे सासरच्या छळाची पोलिसांत फिर्याद दिलीय, म्हणून निश्चिंत राहिलेल्या बायका मी बऱ्याच पाहिल्यात. १ जुलै २०२४ पासून ते कलम भारतीय न्याय संहितेत ८५ झालंय, पण बोलण्यात अजून ४९८च आहे. तो गुन्हा आहे, त्यात शिक्षेचा खटला चालतो. तेवढ्याने नवऱ्याला तुमच्या ऑफिसखाली उभं राहायला मनाई होत नाही, घरखर्चही सुरू होत नाही. त्यासाठी डीव्हीचा, म्हणजे कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा, वेगळा अर्ज लागतो. दोन्ही एका वेळी चालतात.

‘माझं तर लग्न झालेलं नाही’ किंवा ‘मारणारा मुलगा आहे, नवरा नाही’ म्हणून मागे फिरणाऱ्याही असतात. हा कायदा फक्त सुनेचा नाही. आई, बहीण, मुलगी, विधवा वहिनी, लग्नासारख्या नात्यात एकत्र राहिलेली स्त्री, सगळ्यांना अर्ज करता येतो. सामनेवाला पुरुषच हवा, ही अट सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये काढून टाकली, त्यामुळे सासू-नणंदेविरुद्धही मागणी करता येते. मात्र सामनेवाली बाई असेल तर तिला घराबाहेर काढण्याचा आदेश या कायद्यात होत नाही, तो मागून उगाच वेळ घालवू नका. तसंच, राग आहे म्हणून नवऱ्याच्या परगावच्या आत्यापासून चुलत दिरापर्यंत सगळ्यांची नावं घालू नका. प्रत्येकाला नोटीस बजावण्यात महिने जातात आणि खऱ्या त्रासाचं गांभीर्य पातळ होतं.

अर्ज सासरच्या गावीच करावा लागतो, हाही गैरसमज. कलम २७ नुसार तुम्ही तात्पुरत्या राहता तिथल्या कोर्टातही चालतो, म्हणजे माहेरी किंवा मैत्रिणीकडे असलात तरी. ‘घर सासूच्या नावावर आहे, तुझा काय संबंध’ हे वाक्य ऐकून घर सोडलेल्यांसाठी : सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय की सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही सामायिक घर ठरू शकतं. मात्र तिथे खरोखर संसार केलेला हवा, सणाला चार दिवस राहिलेलं घर त्यात येत नाही.

या कायद्यासाठी सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल, म्हणजे डीआयआर, आला नाही म्हणून अर्ज अडवून ठेवलेली प्रकरणं नेहमी येतात. अहवाल मिळाला तर उत्तमच, सगळं नीट नोंदलेलं असतं. पण त्यासाठी हेलपाटे घालत बसायची गरज नाही. तुम्ही स्वतः किंवा वकिलामार्फत थेट कोर्टात अर्ज करू शकता, आणि अहवाल नसला तरी कोर्ट आदेश देऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलंय. त्याच वर्षी आणखी एक भीती संपली : घटनेला वर्ष उलटलं म्हणून हा अर्ज मुदतबाह्य होत नाही. तरीही उशीर का झाला, याचं एक प्रामाणिक वाक्य लिहाच.

पुराव्याबाबत सगळ्यात महाग पडणारी चूक दवाखान्यात होते. डॉक्टर विचारतात, कसं लागलं? उत्तर येतं : बाथरूममध्ये पाय घसरला. तेच केसपेपरवर उतरतं आणि दोन वर्षांनी उलटतपासणीत समोर येतं. शक्य असेल तिथे खरं सांगा आणि एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरण म्हणून दवाखान्यातली नोंद, करायला सांगा. खोटं सांगून झालं असेल तर ते लपवू नका. ‘त्या वेळी नवरा शेजारी उभा होता म्हणून तसं सांगितलं’ एवढं अर्जातच लिहून टाका. हे चित्र न्यायाधीशांनाही अनोळखी नसतं.

व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट आणता ते चांगलंच, पण मूळ फोन एक्स्चेंजमध्ये देऊन टाकता, तिथे घात होतो. मेसेज मूळ फोनवर राहू द्या, नंबर आणि तारीख दिसेल असे घ्या, मधलं आपलं उत्तर कापू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते वकिलाकडून वेळेत करून घ्या.

पैशांच्या बाबतीत स्वतःची नोकरी लपवायचा मोह होतो. २०२० पासून दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. शिवणकामाचे पाच-सहा हजार दडवले आणि बँक स्टेटमेंटमध्ये सापडले, की मारहाणीबद्दलच्या तुमच्या शब्दावरही शंका घेतली जाते.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभं राहायचं कारण नाही. जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याला समिती असते, फोन १५१०० वर लावा. नेमलेले वकील तारखांना येत नसतील तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवून बदलून मागा. त्यात कुणाचा अपमान होत नाही.

आदेश झाला, पेढे वाटले, आणि कागद कपाटात गेला. ही शेवटची आणि फार वाईट चूक. एका बाईंच्या दारात आदेशानंतर नवव्या दिवशी नवरा आला. त्या ठाण्यात गेल्या तर अंमलदार म्हणाले, “आमच्याकडे असा काही कागद आलेला नाही, कोर्टाचं मॅटर आहे, कोर्टात जा.” प्रत मोफत मिळते आणि ठाण्यालाही जायला हवी, असं कलम २४ सांगतं. पण ती पोहोचेल या भरवशावर राहू नका. प्रत स्वतः नेऊन द्या, आपल्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का आणि तारीख घ्या, आदेशाचा फोटो भावाच्या फोनमध्येही ठेवा. संरक्षण आदेश मोडणं हा कलम ३१ खाली गुन्हा आहे : एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणून एनसीवर समाधान मानू नका. ऐकलंच नाही तर संरक्षण अधिकारी, पोलीस अधीक्षक आणि त्याच कोर्टाकडे लेखी जा. थकलेल्या पोटगीसाठी मात्र वसुलीचा अर्ज वेगळा करावा लागतो.

मग कधीतरी दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसतात आणि केस मागे घ्यायचं ठरतं. तुमची इच्छा असेल तर जरूर घ्या, पण अटी कोर्टासमोर लेखी नोंदवून. संरक्षण आदेश तुम्ही स्वतः रद्द करून मागेपर्यंत चालू राहतो. त्यामुळे तो रद्द करण्याचा टाइप केलेला अर्ज बहुधा समोरच्या बाजूकडून, घाईघाईत, कोर्टाच्या व्हरांड्यात तुमच्या हातात येतो. आपल्या वकिलाने वाचल्याशिवाय त्यावर सही करू नका.