क्रोशा शिकताना आधी टाका ओळखायला शिका

क्रोशा शिकायचा ठरवलंत की पहिल्याच दिवशी पांढरा बारीक सुती दोरा आणि सव्वा मिलिमीटरची सुई घेऊन बसू नका. आपल्याकडे रुमाल, तोरणं, ताटावरची झाकणं वर्षानुवर्षं त्याच दोऱ्यात विणली गेली, त्यामुळे क्रोशा म्हटलं की तोच डोळ्यांसमोर येतो. माझ्या मावशीने मात्र मला शिकवताना आधी जाड लोकर हातात दिली होती, आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मीही तेच सांगते. फिक्या रंगाची, केसाळ नसलेली, फोर प्लाय किंवा त्याहून जाड लोकर आणि चार मिलिमीटरची सुई घ्या. काळी किंवा गर्द निळी लोकर सुरुवातीला नकोच. टाका दिसलाच नाही तर तुम्ही मोजणार काय?

सुई नीट बघून घ्या. टोकाला आकडा, त्याच्यामागे निमुळती मान आणि मग गोल दांडा. घराचं, म्हणजे दोऱ्याच्या फासाचं, माप दांड्यावर ठरतं. नवशिक्यांची घरं मानेवरच आवळली जातात आणि मग पुढच्या ओळीत सुई आत शिरता शिरत नाही. प्रत्येक घर दांड्यावर सरकवायची सवय लावून घेतली की हा त्रास निम्म्याहून कमी होतो. डाव्या हाताच्या करंगळीला दोऱ्याचा एक वेढा द्या आणि दोरा तर्जनीवरून सोडा, म्हणजे ताण सारखा राहतो. कुणी सुई पेन्सिलीसारखी धरतं, कुणी सुरीसारखी. जे हाताला सोसेल ते बरोबर.

आता टाके. सरकफास घालून साखळी. सुईवर दोरा घ्यायचा आणि घरातून ओढायचा, एवढंच. साखळ्या सारख्या येईपर्यंत फक्त साखळ्याच घाला, कंटाळा आला तरी. मग मुका खांब: घरात सुई घालून दोरा ओढून घेतला की सुईवर दोन घरं होतात, पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढायचा. खांब घालताना आधी सुईवर एक वेढा घ्यायचा, मग घरात सुई घालून दोरा ओढायचा. आता सुईवर तीन घरं. दोरा घेऊन दोनांतून काढा, पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोनांतून काढा. तीच तीन घरं एका दमात काढली की झाला अर्धा खांब. हे सगळं तासाभरात हाताला कळतं.

खरी अडचण टाक्याची नसते, ओळीच्या टोकांची असते. चौकोन विणायला घेतला आणि तिरका त्रिकोण झाला, ही तक्रार मी सर्वांत जास्त ऐकते. म्हणून सोळा खांबांचा एक चौकोन समजून विणाच. अठरा साखळ्या घाला आणि पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत घाला. सोडलेल्या तीन साखळ्या हाच पहिला खांब धरायचा. ओळ संपली की एकूण सोळा भरतात. पुढच्या ओळीसाठी काम उलटवून तीन साखळ्या घाला. या तीन साखळ्या पहिल्या टाक्याच्या डोक्यावरच उभ्या असतात, म्हणून तो टाका सोडून दुसऱ्यात खांब घालायचा. पहिल्यातही घातलात तर एक खांब वाढतो. आणि ओळीच्या शेवटी मागच्या ओळीच्या तीन साखळ्यांतल्या सर्वांत वरच्या साखळीत शेवटचा खांब घालायचा. ती साखळी कडेला वळून लपलेली असते, खांबासारखी दिसत नाही, म्हणून ती सुटते आणि प्रत्येक ओळीला एक खांब कमी होत जातो. मुक्या खांबांत हा घोळ कमी: एक साखळी घालून उलटायचं, ती मोजायची नाही आणि अगदी पहिल्याच टाक्यापासून सुरू करायचं.

ओळ वरून पाहिली की टाक्यांची डोकी वेणीसारखी दिसतात. वेणीचा एक पेड म्हणजे एक टाका. सुई त्याच्या दोन्ही दोऱ्यांखालून गेली पाहिजे. सुरुवातीला प्रत्येक ओळीनंतर बोटाने पेड मोजा. मोजायला जाणारा वेळ वाया जात नाही, कारण पाच ओळी झाल्यावर चूक शोधत बसण्यापेक्षा आत्ताच एक ओळ उसवणं सोपं. आणि उसवायला अजिबात घाबरू नका. दोन सुयांच्या विणकामात सगळी ओळ सुईवर उघडी असते, एखादं घर निसटलं की खालपर्यंत धावतं. इथे साधारण एकच घर उघडं असतं. सुई काढा, हवं तिथपर्यंत ओढा, घर पकडा आणि पुढे चला.

गोल विणायचं असेल तर खांबांचा हिशोब असा: पहिल्या फेरीत बारा, दुसरीत चोवीस, तिसरीत छत्तीस, म्हणजे दर फेरीला बारा वाढवायचे. काम वाटीसारखं वळू लागलं तर वाढ कमी पडते आहे, कडेला झालर पडू लागली तर वाढ जास्त होते आहे.

व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांनी एक गोष्ट आधी बघावी, नमुना अमेरिकन आहे की ब्रिटिश. अमेरिकेत सिंगल क्रोशे म्हणतात तो मुका खांब ब्रिटनमध्ये डबल क्रोशे असतो आणि अमेरिकन डबल क्रोशे, म्हणजे आपला खांब, ब्रिटिश नमुन्यात ट्रेबल होतो. नमुन्यात कुठेही सिंगल क्रोशे लिहिलेलं दिसलं की तो अमेरिकन समजा, कारण ब्रिटिश पद्धतीत हा शब्दच वापरत नाहीत.

अननसाच्या नक्षीचे रुमाल मनात असतील तर ते जरूर करा, पण कडा सरळ यायला लागल्यावर. आधी सुती जाड दोऱ्यात चहाच्या कपाखालचे चौकोन करा. दोरा कापताना पंधरा सेंटिमीटर शेपूट ठेवा, शेवटच्या घरातून ती ओढून घ्या आणि शिवणाच्या जाड सुईने टाक्यांमधून आधी एका दिशेला, मग उलट दिशेला ओवून टाका. नुसती गाठ मारून कापलेलं टोक दोन धुण्यांत बाहेर येतं.